बिनपावसाचं पाणी

द्राक्षं आली. दिंडोरी रोडला सकाळपासून हातगाड्या लागतात, "साखर आहे ताई, साखर, खाऊन बघा," म्हणत गाडीवाला हातात दोन मणी कोंबतो. मी ते तसेच परत गाडीवर ठेवते. बिचारा चमकून बघतो. नवरा मात्र घेऊन येतो, मिठाच्या पाण्यात धुतो, ताटलीत मांडतो आणि मुद्दाम माझ्यासमोर बसून खातो. "द्राक्षांनी तुझं काय घोडं मारलंय गं?" म्हणतो. काही नाही मारलेलं. द्राक्षांचा काही दोष नाही, हे मलाही कळतं.

पण हे दिवस आले की माझी मान आपोआप वर जाते. बँकेत गेले की छताकडे. दवाखान्यात नंबर येईपर्यंत छताकडे. परवा भाचीच्या साखरपुड्याला हॉलमध्ये सगळे मुलीची साडी बघत होते आणि मी पीओपीच्या फुलाशेजारचा पिवळा डाग बघत बसले होते. "अगं, खाली बघ जरा, फोटो काढतायत," ताई ओरडली. फोटोत मी एकटी आढ्याला डोळे लावून उभी आहे. सगळ्यांनी हसून घेतलं, मीही हसले.

ज्या छतामुळे मला ही खोड लागली, ते यमुनाच्या अंगावर पडलं. यमुना त्यात गेली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्याबद्दलच आहे आणि उगाच कोणाला आशेवर ठेवायची मला हौस नाही.

तेव्हा मी दिंडोरीकडच्या एका पॅकहाउसमध्ये सुपरवायझर होते. आमच्याकडे सीझन म्हटलं की कसला, असं कोणी विचारत नाही. लग्नाच्या तारखा, पोरांच्या सहली, घराचा रंग, सगळं सीझन बघून ठरतं. पहाटे स्वेटर, दुपारी बाराला डोक्यावर पदर, असे ते दिवस. हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, दोन्ही बाजूंना टोप्या-मास्क घातलेल्या बायका, हातात छोट्या कात्र्या. खराब मणी कापायचा, घड उचलायचा तो देठाला धरून, मण्यावरची पांढरी लव पुसली जाता कामा नये. कात्र्यांचा टिकटिक आवाज दिवसभर. भिंतींना मोठाले कूलर, त्यांच्या ओल्या गवताचा वास, आणि खोक्यात घालतात त्या गंधकाच्या कागदाचा नाकात जाणारा वास. मी घरी येऊन अंघोळ केली तरी तो केसांतून जायचा नाही. हॉलच्या टोकाला जाड दरवाजा, आणि दरवाज्यामागे कोल्ड रूम.

त्या कोल्ड रूममध्ये जायला कोणी राजी नसायचं. बाहेर तापलेलं ऊन आणि आत बर्फासारखी हवा, दिवसातून दहा वेळा आत-बाहेर केलं की सांधे धरायचे. यमुना एकटी स्वतःहून पुढे व्हायची. हरसूलकडच्या डोंगरातली बाई, नवऱ्याबरोबर दरवर्षी सीझनला यायची. नवरा काशिनाथ बागेत, ही आमच्याकडे. वय माझ्याएवढंच, पन्नाशीला टेकलेलं, आणि त्या वयात बायकांच्या अंगात जी आग उठते ती हिच्या अंगात जरा जास्तच उठलेली. टेबलाशी उभी असली की कपाळावरून घाम गळायचा, मास्क ओढून काढायची आणि म्हणायची, "मेली भट्टी पेटलीया आत. ताई, मला फ्रीजमधी टाका." कोल्ड रूमला ती फ्रीजच म्हणायची. आत जाऊन खोक्यांच्या थप्प्या लावायची आणि लाल नाक घेऊन, हसत बाहेर यायची.

"यमुने, एक दिवस तुझ्यावर लेबल चिकटवून तुला युरोपला धाडतील हं," मी म्हणायचे.

"धाडा की. तिकडं गार हाय म्हनत्यात. काशिनाथला मागं ठेवा पन, तो लय घोरतो."

सगळ्या बायका खिदळायच्या. मला माझ्या सख्ख्या बहिणीशी कधी इतकं बोलता आलं नाही, जितकं यमुनाशी जेवणाच्या सुट्टीत बोलले. मुलं, सासू, पाळी जाण्याचं भय, नवऱ्याचं वागणं, काही म्हणजे काही आम्ही बाकी ठेवलं नव्हतं.

जेवायला आम्ही वर माळ्यावर बसायचो. कोल्ड रूमच्या छतावर आणि पत्र्याच्या खाली जी पोकळी होती, तिथे. तिथे रिकामी खोकी घड्या घालून रचलेली असायची, कारण सीझनला जागा कुठेच पुरत नाही. पत्रा तापलेला, पण पायाखालच्या फळ्या गार. फाल्गुनातल्या दुपारी त्या फळ्यांवर पाय पसरले की तळव्यांना असं बरं वाटायचं म्हणता! बायका तिथे भाकरी खायच्या आणि घटकाभर आडव्या व्हायच्या. "दादांनी आपल्यासाठी एसी बसवलाय," असं आम्ही एकमेकींना सांगायचो. दादा म्हणजे मालक. आणि आम्हाला तो गारवा म्हणजे फुकटचं सुख वाटत होतं. छत धड असतं, तर खालचा गारवा आमच्या तळव्यांपर्यंत आलाच नसता. हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार?

त्या वर्षी कोल्ड रूमचं मशीन बंदच व्हायला तयार नव्हतं. एरवी खोली हवी तेवढी गार झाली की ते थांबतं, जरा दम खातं. त्या सीझनला सकाळी सुरू झालं की घरघर घरघर, दिवस मावळला तरी तेच. मग नाशिकहून इंजिनिअर मॅडम आल्या. स्कूटीवर, पाठीला सॅक, माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. दादांनी तिला मशीनकडे नेलं, ती मशीनपाशी थोडाच वेळ थांबली आणि "वर जायला जिना कुठे आहे?" म्हणाली. मी घेऊन गेले. तिने खोकी सरकवली. सगळ्यात खालची खोकी लिबलिबीत झाली होती, उचलताना हातात तुकडा आला. तिने एक फळी काढली. खाली चंदेरी कागद होता, छताच्या थर्माकोलवर अंथरलेला. तो ठिकठिकाणी फाटलेला. कुठे उंदरांनी कुरतडलेला, कुठे वायरमनने वायर न्यायला भोसकलेला, कुठे खोकी ओढून ओढून चिंध्या झालेल्या. तिने फटीतून हात घालून थर्माकोलचा ढेकूळ काढला आणि मुठीत दाबला. पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"पत्रा गळतोय का?" दादांनी खालून विचारलं.

"पावसाचा थेंब नाही काका गेले कित्येक महिने. पत्रा कसा गळेल?"

मग तिने आम्हाला समजावलं. अगदी साधं करून. गार पाण्याचा पेला ठेवला की बाहेरून ओला होतो, पेला फुटलेला नसतो. ते पाणी हवेतलं. हवेत पाणी असतंच, कोरड्या दिवसांतही, आणि ते गार जागेकडे धावतं. चंदेरी कागद असतो तो त्या हवेला अडवायला. तो फाटला की हवा थर्माकोलमध्ये शिरते, गार होते, तिथेच पाणी सोडते. रोज थोडं थोडं. पावसाळ्यात दुसऱ्यांचा माल ठेवायला हीच खोली चालू होती, तेव्हा तर हा थर्माकोल दिवसरात्र पाणी प्यायला असेल. आणि तुमच्या हॉलमधले कूलर काय, ओलीच हवा फेकतात, ती गरम होऊन इथेच वर येते. ती असं बोलत होती आणि मी आमच्या भाकरीच्या डब्यांकडे बघत होते. आम्ही इतक्या जणी इथे बसायचो, बोलायचो, घाम पुसायचो. आमचा श्वासही त्या फटीतून खाली गेला असेल की काय? असले विचार मी करू नयेत, पण येतात.

"ओला थर्माकोल वाळत नसतो," ती म्हणाली. "आणि तो नुसता ओला नाहीये, जड झालाय. खालून प्लास्टर आहे, जाळी आहे, सगळं त्या जुन्या खिळ्यांवर लटकलंय. खोली रिकामी करा. आज करा."

दादा वाईट माणूस नव्हता. हे मी आजही म्हणते आणि माझा नवरा चिडतो. पण नव्हताच. बायकांशी कधी आवाज चढवून बोलला नाही, कोणाचं मूल आजारी पडलं तर स्वतःच्या गाडीने दवाखान्यात न्यायचा. त्याने हात जोडले. "मॅडम, आत माल आहे, बोटीची तारीख आहे, लोकांच्या बागा तोडून पडल्यात. सीझन संपू द्या. पाडवा झाला की अख्खं छत उतरवतो, नवं घालतो. शब्द देतो." आणि त्याने त्याच दिवशी ठेकेदाराला फोन लावला, माझ्यासमोर. म्हणजे शब्दही खोटा नव्हता. खोटं कोणी बोललं असतं तर निदान शिव्या घालायला बरं पडलं असतं.

"मग तोवर माणसं कमी पाठवा आत," मॅडम म्हणाल्या आणि स्कूटीला किक मारून गेल्या. जाताना दोनदा मागे वळून बघितलं त्यांनी.

आता द्राक्षवाल्याचा हात संकटात कुठे जातो? प्लास्टिककडे. त्याचं सगळं आयुष्य आभाळाकडे बघण्यात जातं. फुलोऱ्यात पाऊस आला, मणी भरताना आला, तोडणीला आला, प्रत्येक वेळी धावपळ, आणि बागेवर लांबच लांब पांढरं प्लास्टिक चढवायचं, दोऱ्या ताणायच्या, गाठी मारायच्या. दादाच्या बोटांना त्या गाठी झोपेतही मारता आल्या असत्या. त्याच्या लेखी पाणी म्हणजे वरून पडणारं, आणि पडणाऱ्या पाण्याला एकच उपाय, खाली कव्हर. खोक्यांवर थेंब पडायला लागले तेव्हा त्याने बागेवरचं जुनं प्लास्टिक आणलं, चार गडी आत घेतले आणि स्वतः शिडीवर चढून कोल्ड रूमच्या छताखाली ते ताणून बांधलं. काय सुरेख बांधलं होतं! एका बाजूला उतार, टोकाला बादली. रोज सकाळी काठीने प्लास्टिक वर ढकलायचं, साठलेलं पाणी बादलीत घ्यायचं, बाहेर फेकायचं. बादली रिकामी केली की प्रत्येकाला वाटायचं, चला, आटोक्यात आहे.

यमुना तर खूष. "मांडव घातला गं बाय आपल्याला," ती म्हणाली. "आता नवरी कोन, ते बघा."

मी मॅडमना फोन करून सांगितलं. प्लास्टिक कुठून, कसं बांधलंय ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "काढा ते आधी. कागद वरून हवा असतो, गरम बाजूला, आणि तोही छत कोरडं असताना. खालून बांधलंत म्हणजे आतलं पाणी आतच कोंडलं. आणि आता तुम्हाला छत दिसणार कसं? किती फुगलंय, कुठे तडकलंय, काही कळणार नाही." मी तशीच दादांकडे गेले. शब्द न् शब्द सांगितला. ते म्हणाले, "ताई, काढलं तर माल भिजतो. भिजलेलं खोकं तिकडे कोण घेईल? आणि प्लास्टिक आहे ना खाली, काही पडलं तरी झेलेल." झेलेल! मला त्या शब्दाचा अजून राग येतो. बागेवरचं प्लास्टिक गारा झेलतं, हे त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. त्यामुळे त्याचा विश्वास बसला होता आणि तो विश्वास हलवणं माझ्या हातात नव्हतं.

माणसं कमी पाठवायची हे मात्र सगळ्यांनी मानलं. म्हणजे काय झालं? आधी नाइलाजाने का होईना तिघी-चौघी आत जायच्या, आता एकटी यमुना जायला लागली. काळजी घेतली ती अशी. मी तिला बाजूला घेतलं. "तू जाऊ नकोस. डोकं दुखतंय म्हण, काहीही म्हण. मी बघते काय करायचं ते."

"मग कोन जाईल? सुमनचे गुडघे गेलेत, ती नवी पोरगी तीन म्हैन्याची गरोदर हाय."

"कोणीच जायला नको."

"असं कसं व्हईल ताई," ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, जसं काही समजूत मलाच काढायची होती. "आन मला तिथंच बरं वाटतं. बाहेर जीव नकोसा व्हतो माझा."

मी सांगितलं होतं. तिला सांगितलं, दादांना सांगितलं, ज्याला त्याला सांगितलं. लोक मला म्हणतात, तू तुझं काम केलंस, तुझ्या जिवाला कसला घोर? अहो, सांगितलं होतं म्हणून काही ती परत येत नाही. सांगूनही होतं ते होतंच, हे एकदा बघितलं की माणसाचा बोलण्यावरचा भरवसा उडतो. मी आता घरातही फार बोलत नाही.

दुपार होती. माळ्याच्या फळ्या वेगळ्या वाशांवर होत्या, म्हणून वर बसणं कोणी बंद केलं नव्हतं; जेवणं उरकून बायका नुकत्याच खाली आल्या होत्या. मी टेबलाशी उभी राहून घड तपासत होते. आवाज असा मोठा झालाच नाही. ओलं गाठोडं जमिनीवर टाकावं तसा, धप्प. कात्र्या थांबल्या. मग त्या जाड दरवाज्याच्या खालून पाणी यायला लागलं, पांढरट, आणि सुमन "यमुना आत हाय!" म्हणून किंचाळली.

दरवाजा उघडला तर आत काही ओळखू येईना. पांढरं प्लास्टिक, त्यावर छताचा ढीग, खोकी चिरडलेली, हिरवे मणी पाण्यात तरंगतायत. गडी धावले. प्लास्टिकच्या गाठी सुटेनात, इतक्या पक्क्या मारलेल्या, कोयत्याने कापाव्या लागल्या. आणि थर्माकोल. गणपतीच्या मखराला वापरायचे तो थर्माकोल, जो शेंबडं पोर एका बोटावर उचलतं, त्याची एक लादी उचलायला चार माणसं लागत होती. पाणी पिऊन पिऊन तो दगड झाला होता. दादा दोन्ही हातांनी ते उपसत होते, त्यांची नखं सोलवटली, तोंडाने नुसतं "अगं बाई, अगं बाई" चाललेलं. यमुनाला बाहेर काढलं तेव्हा तिची टोपी तशीच डोक्यावर होती. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

थर्माकोलने माणूस मेलं, हे आजही कोणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो. मग माझं तोंड बघून हसू आवरतो. पुढच्या काही दिवसांत गावात बोलणं असंही आलं की, बायका वर जेवायला बसायच्या, त्यांनीच कागद फाडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उंदीर कोणाला दिसले नाहीत, वायरमन दिसला नाही, खोक्यांच्या मणामणाच्या थप्प्या दिसल्या नाहीत, आमच्या भाकऱ्या तेवढ्या दिसल्या. दादांनी तसं कधी म्हटलं नाही, हेही सांगायला हवं. त्यांनी ते पॅकहाउस पुन्हा उघडलंच नाही. मी ती लाइन सोडली, आता पंचवटीत एका शाळेच्या ऑफिसात बसते. तिथलं छत साध्या स्लॅबचं आहे. मी रुजू व्हायच्या आधी बघून घेतलं.

आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात मी कधी कधी संध्याकाळी नुसती जाऊन बसते. डोळे मिटले की आधी तिचं हसणं येतं, मग ती माझ्या खांद्यावरचा हात काढून दरवाज्याकडे जाते. मी तिला हाक मारत नाही, कारण मारूनही ती गेलीच होती. शेजारची माणसं शांत बसलेली असतात आणि मला एकाएकी हुंदका येतो. आता कोणी दचकत नाही, सवय झालीये त्यांना.

तिला हरसूलकडे न्यायला गाडीत मीही बसले होते. काशिनाथ पुढे ड्रायव्हरशेजारी. घाट लागला, डोंगर करपून तपकिरी झालेले, मोहाच्या झाडाखाली फुलं वेचणाऱ्या बाया गाडी बघून उभ्या राहिल्या. घर कुडाचं, वर कौलं. तिची म्हातारी आई उंबऱ्यात बसून होती. सगळं आटोपलं, माणसं अंगणात बसली, आणि मी निघायला म्हणून उठले, तेव्हा काशिनाथ पहिल्यांदा बोलला.

"ताई, पाऊस तं नव्हता."

"नव्हता," मी म्हटलं.

"मंग पानी कुठून आला?"

मी परत खाली बसले. त्याला सगळं सांगितलं. हवेत पाणी असतं, ते गार जागेकडे धावतं, कागद फाटला होता, थर्माकोल पीत गेला, जड होत गेला, खालून प्लास्टिक बांधलेलं म्हणून कोणाला दिसलं नाही. मॅडमनी सांगितलं होतं तसंच, तितकंच साधं करून. त्याने मान खाली घालून सगळं ऐकलं. अंगणातली माणसंही ऐकत होती. कोणी मला मध्ये तोडलं नाही. मला वाटलं, त्याला पटलं असावं.

मग त्याने मान वर करून घराच्या कौलांकडे बघितलं.

"आमचेकडं चार म्हैने आभाळ फाटतं, ताई," तो म्हणाला. "ह्यो घर सगळा गळतो. ती उठून भांडी मांडायची, हितं एक, तितं एक, पोरांना कोरड्या कोपऱ्यात निजवायची. इतकी वर्सं गळतोय. कोनाला काय झाला नाय."